पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा?

घराला रंग द्यायचा ठरला की निळ्या-हिरव्यावर दहा दिवस वाद होतात आणि अकराव्या दिवशी कुणीतरी कंटाळून म्हणतं, "जाऊ दे, सगळीकडे पांढरा मारून टाकू." जणू पांढरा म्हणजे रंग निवडायच्या कटकटीतून सुटका. मग शेडकार्ड उघडतं आणि त्यात पांढऱ्याचेच चौकोन ओळीने मांडलेले दिसतात. कुणाचं नाव मोत्यावरून, कुणाचं बर्फावरून, कुणाचं हस्तिदंतावरून. सगळे एकसारखेच वाटतात, म्हणून त्यातला एक डोळे मिटून सांगितला जातो. रंग वाळतो, आणि भिंत गुलाबी दिसते.

हे मी स्वतः केलेलं आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी स्वच्छ वाटलेला पांढरा बाहेरच्या खोलीला लावला आणि संध्याकाळी खोलीला कॅलामाइन लोशनची कळा आली. पेंटर म्हणाला, डबा तुम्ही सांगितलात तोच आहे. तो खरंच बोलत होता. खिडकीसमोर लाल विटांची भिंत होती आणि मी निवडलेल्या पांढऱ्यात मुळातच लालसर झाक होती. दोघांचं संगनमत झालं, इतकंच.

पांढऱ्याची सगळी गंमत आणि सगळा त्रास या संगनमतात आहे. गडद निळी भिंत आपला निळा सोडत नाही, खोली कशीही असो. पांढरी भिंत मात्र समोर येईल त्याचा रंग घेते. त्यामुळे कार्डावरचा कुठला पांढरा चांगला, या प्रश्नाला उत्तरच नाही. या खोलीत, या उजेडात, या फरशीशेजारी कुठला चांगला, एवढंच विचारता येतं.

डब्यात नेमकं काय असतं

काचेचा तुकडा पारदर्शक असतो, पण तीच काच कुटली की भुगा पांढरा दिसतो. बर्फाचा खडा आरपार दिसतो, हिम मात्र पांढरं. लाटेच्या फेसाचंही तेच. यातल्या कशातच पांढरं असं काही नसतं. बारीक कण किंवा बुडबुडे खूप झाले की प्रकाश प्रत्येकाच्या काठाशी वळतो, पुन्हा वळतो आणि कुठलाही रंग न गमावता सगळ्या दिशांना परत फिरतो. त्या परत फिरलेल्या प्रकाशालाच आपण पांढरा म्हणतो.

प्रकाश किती जोरात वळेल हे कण आणि त्याच्या भोवतीचा पदार्थ यांच्या अपवर्तनांकांतल्या (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याच्या आकड्यांतल्या) फरकावर ठरतं. चुन्याचा अपवर्तनांक साधारण १.६, रंगातल्या चिकट द्रव्याचा साधारण १.५. फरक फारच थोडा. म्हणून चुना किंवा खडूची पूड तेलात कालवली की पांढरेपणा जवळपास नाहीसा होतो. नुकताच लावलेला ओला चुना मळकट दिसतो आणि वाळल्यावर शुभ्र होतो तो याच कारणाने: पाणी उडून जातं, कणांमध्ये हवा शिरते, हवेचा अपवर्तनांक १ असतो आणि फरक एकदम वाढतो.

आजच्या रंगांत हे काम टायटॅनियम डायऑक्साइड करतं. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास, म्हणजे हिऱ्याच्या २.४ पेक्षाही जास्त. त्यामुळे पातळ थरसुद्धा खालचा रंग झाकतो. हे रंगद्रव्य कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बनू लागलं ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात. त्याआधी चांगला झाकणारा पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा, आणि तो विषारी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ साली घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्यावर बंधनं घालणारा करार केला तो रंगाऱ्यांना होणाऱ्या विषबाधेमुळे. जुन्या घरात पोपडे धरलेला जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नये, यामागेही हेच कारण आहे. धूळ नाका-तोंडात जाते, आणि लहान मुलांना शिशाचा धोका सगळ्यात जास्त.

टायटॅनियम डायऑक्साइडही परिपूर्ण पांढरा नाही. जांभळ्या टोकाचा थोडा प्रकाश तो गिळतो, म्हणून किंचित पिवळट दिसतो. पांढऱ्या कपड्यांना नीळ देऊन पिवळेपणा मारतात, तसाच प्रकार इथेही चालतो: बेसमध्ये, म्हणजे डब्यातल्या मूळ पांढऱ्या रंगात, निळ्या, काळ्या, लाल, पिवळ्या रंगद्रव्याचे थेंब पडतात आणि त्या थेंबांवर शेडकार्डातले सगळे पांढरे उभे असतात. थेंब न घातलेला किंवा नावापुरता घातलेला पांढरा सगळ्यात उजळ, पण झाकायला तो जरा कच्चा. चिमूटभर काळा गेला की उजळपणा थोडा उतरतो आणि झाकण्याची ताकद वाढते. "सगळ्यात पांढरा पांढरा" घेतला आणि तीन हात मारूनही खालचा पिवळा डोकावतोय, ही तक्रार नेहमीची आहे. पांढऱ्याखाली पांढराच प्रायमर आधी द्या. गडद भिंतीवर तर त्याला पर्याय नाही.

झाक ओळखायची कशी

पांढऱ्यातल्या या लपलेल्या रंगाला झाक म्हणू. पिवळी, लालसर, हिरवट, निळी किंवा करडी. एकटा चौकोन बघून झाक कळत नाही, कारण डोळ्याला तुलनेशिवाय पांढरा मोजता येत नाही. पाच पांढरे शेजारी-शेजारी ठेवले की दोन मिनिटांत एक गुलाबी होतो, एक आंबूस पिवळा, एक आजारी हिरवट. शेडकार्डाच्या पट्टीवर एकाच घराण्याच्या छटा उतरत्या क्रमाने असतील तर काम आणखी सोपं. सगळ्यात गडद टोक बघा. ते मातकट असेल तर वरचा पांढराही मातीच्याच वंशाचा. भिंतीवर तो वंश दाखवल्याशिवाय राहत नाही.

एक सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो: प्रिंटरचा कोरा कागद शेजारी धरा, म्हणजे झाक दिसेल. दिसते, पण फसवी. कागदात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणा आणणारी द्रव्यं घातलेली असतात. ती डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा म्हणून परत सोडतात. कागद त्यामुळे निळसर-पांढरा असतो आणि त्याच्याशेजारी जगातला कुठलाही प्रामाणिक पांढरा पिवळट वाटतो. कागदाशी जुळवायला जाल तर भलताच थंड, निळा पांढरा घरी येईल. पांढऱ्याची तुलना पांढऱ्या रंगाशीच करावी.

आता मुख्य प्रश्न: कार्डावर जी झाक दिसतही नाही ती खोलीत एवढी का अंगावर येते?

याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा एका पांढऱ्यावर १०० भाग पिवळा-लाल प्रकाश पडला तर ९० भाग परत येतो, आणि १०० भाग निळा पडला तर ८५. फरक फक्त ५. कार्ड हातात धरून बघताना तुम्ही हा एकदा परतलेला प्रकाश बघता. पण खोलीत समोरासमोर भिंती असतात. खिडकीतून आलेला प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तिथून छतावर, छतावरून पुन्हा भिंतीवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी तोच कर द्यावा लागतो. तीन वेळा आपटल्यावर पिवळा-लाल उरतो ७३, निळा ६१. ५ चा फरक १२ झाला, तोही घटलेल्या रकमेवर. म्हणून खोलीचे कोपरे, जिथे दोन भिंती एकमेकींकडे बघतात, तिथे झाक सगळ्यात आधी उघडी पडते. म्हणूनच एका भिंतीपुरता बरा वाटलेला पांढरा चारी भिंतींवर गेला की वेगळाच वाटतो. रंग निवडताना कार्डापेक्षा एक पायरी फिका, एक पायरी कमी झाकेचा घ्यावा असं मुरलेले पेंटर सांगतात. त्यांनी गणित मांडलेलं नसेल, पण खोल्या खूप पाहिलेल्या असतात.

याच गणितावरून शेडकार्डावरचा एक आकडाही समजतो. बऱ्याच शेडकार्डांवर एलआरव्ही लिहिलेला असतो, म्हणजे पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी किती टक्के परत येतो ते. ० म्हणजे ठार काळा, १०० म्हणजे आदर्श पांढरा. पांढरे म्हणून विकले जाणारे रंग साधारण ८० पासून ९० च्या थोडं पुढेपर्यंत असतात. ८० आणि ९० मध्ये फार अंतर वाटत नाही, पण पूर्ण बंद, सगळीकडून सारख्याच रंगाच्या पेटीचा हिशेब केला तर ९० च्या पेटीत ८० च्या दुप्पट उजेड साठतो. खऱ्या खोलीत खिडक्या, फरशी, कपाटं, गाद्या प्रकाश खात असतात, त्यामुळे एवढा फरक पडत नाही. तरी पडतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये बेरियम सल्फेट वापरून ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परतवणारा पांढरा रंग केला. तो इमारती थंड ठेवण्यासाठी आहे. बैठकीच्या खोलीत तसला रंग लावून बसणाऱ्याला गॉगल लागेल.

अंधाऱ्या खोलीला पांढरा दिला की उजेड येतो, हा एक हट्टी समज आहे. पांढरा प्रकाश परत देतो, तयार करत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खिडकी लहान असलेल्या किंवा समोर भिंत आलेल्या खोलीत कडक पांढरा शुभ्र दिसत नाही. तो करडा, मलूल, पांढराफटक दिसतो, आणि कोपऱ्यातल्या सावल्या मळल्यासारख्या वाटतात. अशा खोलीत माझं मत सरळ पिवळट, उबदार झाकेच्या बाजूने आहे. त्याहून धीर असेल तर पांढऱ्याचा नादच सोडून एखादा खरा, भरलेला रंग घ्यावा. अंधार लपवण्यापेक्षा तो शोभून दिसतो.

उजेड कुठून येतो

खोलीत येणारा दिवसाचा उजेड दोन प्रकारचा: थेट सूर्याचा आणि आभाळाचा. आभाळाचा निळा, एकसारखा, शांत. सूर्याचा पिवळा आणि सतत हलणारा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून मुख्यतः आभाळाचा उजेड येतो, त्यामुळे तिथे निळसर किंवा करडा पांढरा गारठलेला वाटतो. दक्षिणेच्या खोलीत भरपूर ऊन, तिथे तोच पांढरा प्रसन्न दिसतो आणि पिवळी झाक मात्र जास्त होते. दक्षिण गोलार्धात हे उलटं, आणि विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षातले काही महिने उत्तरेकडूनही येत असल्याने हा नियम सैल होतो. पूर्वेची खोली सकाळी सोनेरी असते आणि दुपारनंतर निळसर. पश्चिमेची दिवसभर मरगळलेली आणि संध्याकाळी पेटलेली. म्हणून ती खोली तुम्ही कोणत्या वेळी वापरता हे आधी ठरवा. झोपायच्या खोलीतला दुपारी दोनचा रंग कितीही सुंदर असला तरी बघायला तिथे कुणी नसतं.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघायला हवं. दाट झाडी असेल तर पानांवरून येणारा उजेड हिरवा असतो आणि हिरवट झाकेचा पांढरा त्यात शेवाळ धरल्यासारखा दिसतो. तिथे अगदी थोडी लालसर झाक हिरव्याला मारते. माझ्या घरी याच्या बरोबर उलट झालं होतं.

रात्री सूत्रं दिव्यांकडे जातात. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो: मेणबत्ती सुमारे १,९००, जुना तारेचा बल्ब २,७००, दुपारचं ऊन साधारण ५,५००, ढगाळ आभाळ ६,५००. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. २,७०० च्या दिव्याखाली पिवळट पांढरा आणखी पिवळा होतो, ६,५०० च्या दिव्याखाली निळसर पांढरा दवाखान्यासारखा दिसतो. रंग आवडला नाही तर भिंत पुन्हा रंगवण्याआधी दिवा बदलून पाहा. खूप स्वस्तात सुटका होण्याची शक्यता असते. त्याच खोक्यावर सीआरआय असतो, दिवा रंग किती खरे दाखवतो याचा आकडा. ८० नेहमीचा, ९० च्या वर असेल तर पांढऱ्यातली बारीक झाकही नीट दिसते. एकाच खोलीत दोन वेगळ्या केल्विनचे दिवे लावू नयेत. एकच भिंत दोन रंगांची दिसते आणि दोष पेंटरवर जातो.

यात डोळाही स्वस्थ बसलेला नसतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला होता, आठवत असेल. निम्म्या घराला तो निळा-काळा दिसत होता, निम्म्याला पांढरा-सोनेरी. ड्रेस निळा-काळाच होता. पण मेंदू आधी "उजेड कसला आहे?" याचा अंदाज बांधतो, तो वजा करतो आणि मग रंग सांगतो, फोटोतल्या उजेडाचा अंदाज ज्यांचा वेगळा, त्यांचा रंग वेगळा. घरातही हेच चालू असतं. पिवळ्या दिव्याखाली अर्धा तास बसलात की भिंत पांढरी वाटू लागते, बाहेरून येणाऱ्याला मात्र ती पिवळी दिसते. नवरा-बायकोचं पांढऱ्यावरून भांडण झालं तर दोघंही बरोबर असू शकतात.

जे बदलणार नाही ते आधी

फरशी, बाथरूमच्या टाइल्स, ओटा, लाकडी दारं. या गोष्टी रंगासाठी कुणी बदलत नाही, म्हणून पांढरा त्यांच्याकडे बघून ठरतो. फरशी तर विशेष, कारण छतावरचा बराचसा उजेड फरशीवरूनच उसळून येतो. तांबूस लाकडी फरशी असेल तर छत तांबूस. भिंतींना लावलेलाच पांढरा छतावर जरा गडद वाटतो तोही यामुळेच: छताला थेट उजेड मिळत नाही, उष्टा मिळतो. छताला म्हणून भिंतीपेक्षा उजळ पांढरा चालतो.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे पांढऱ्याशेजारी पांढरा. कझिमिर मालेविच या चित्रकाराने १९१८ मध्ये पांढऱ्यावर पांढरा चौकोन रंगवला. पार्श्वभूमी जरा उबदार, चौकोन जरा थंड, आणि तेवढ्या फरकावर चित्र उभं आहे. चित्रात ते थोर वाटतं. दाराच्या चौकटी निळसर पांढऱ्या आणि भिंत पिवळट पांढरी झाली तर तोच परिणाम "भिंत जुनी आहे की काय" असा दिसतो. पांढऱ्या टाइल्सशेजारी क्रीम भिंत असेल तर टाइल्स निळ्या वाटतात आणि भिंत कळकट. इथे मधला मार्ग घेऊ नये. एकतर दोन्हीकडे तोच पांढरा घ्या आणि फक्त चमक बदला, नाहीतर फरक एवढा स्पष्ट ठेवा की तो मुद्दाम केलेला दिसेल.

चमकेचं थोडक्यात सांगतो. मॅट, म्हणजे बिनचमकेचा, रंग प्रकाश विखुरतो, त्यामुळे लांबी (पुट्टी) नीट न भरलेली, उंचसखल भिंत झाकली जाते. पण त्यावरचे हाताचे डाग पुसले की कधी कधी पुसल्याचाच डाग राहतो. चमक वाढेल तशी भिंत पुसायला सोपी आणि दोष दाखवायला निर्दय. खिडकीला लागून असलेल्या लांब भिंतीवर उजेड तिरका सरकत जातो, तिथे चमकदार पांढरा लावला तर पुट्टी भरायच्या पत्र्याचा प्रत्येक फटकारा दिसेल. छत मॅट, भिंती मॅट किंवा हलक्या चमकेच्या, दारं-चौकटी चमकदार, एवढं बहुतेक घरांना पुरतं. दारांना ऑइल पेंट लावणार असाल तर एक माहीत असू द्या: पांढरा ऑइल पेंट काळानुसार पिवळा पडतो, आणि अंधारात जास्त. कपाटाच्या दाराची आतली बाजू बाहेरच्या बाजूआधी पिवळी होते ती त्यामुळे. पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगांत हा त्रास जवळजवळ नाही.

नमुना लावण्यात लोक फार कंजुषी करतात. जुन्या रंगाच्या मध्यभागी तळहाताएवढा नवा पांढरा फासला तर तो जुन्याच्या तुलनेत दिसणार. जुनी भिंत पिवळी असेल तर नवा पांढरा निळा भासेल. तो निळेपणा जुन्या भिंतीने दिलेला असतो आणि तिच्याबरोबरच जाईल. त्याऐवजी मोठा जाड पुठ्ठा घ्या, निदान हात पसरला तर व्यापेल एवढा. त्याला आधी पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून काहीही ठरवू नका. मग तो पुठ्ठा उभा धरून खोलीत फिरवा: खिडकीशेजारी, खिडकीसमोर, कोपऱ्यात, फरशीला टेकवून, दाराच्या चौकटीला लावून. आडवा टेबलावर ठेवू नका, भिंतीवर प्रकाश तसा पडत नाही. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लावून बघा. दोन पुठ्ठ्यांमध्ये अडकलात तर ते समोरासमोर धरून मधल्या फटीत डोकवा. एकमेकांवर आपटणारा प्रकाश झाक वाढवतो आणि खोलीचा कोपरा कसा दिसेल याची चुणूक मिळते.

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला हे सगळं थोडं उलटं लागू होतं. बाहेर उजेड इतका की कुठलाही पांढरा आतल्यापेक्षा कितीतरी पांढरा वाटतो, आणि सगळ्यात उजळ घेतला तर उन्हात बघवत नाही. घरात मळकट वाटेल असा पांढरा बाहेर नेमका बसतो.

रंग एकदम मागवा, आणि एकापेक्षा जास्त डबे असतील तर लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. मशीनने थेंब मोजून टाकले तरी डब्याडब्यात बारीक फरक पडू शकतो, आणि भिंतीच्या मध्यावर डबा संपला तर तो फरक कायमचा तिथे उभा राहतो. डब्यावरचा शेडचा कोड, बेस आणि चमक यांचा फोटो काढून ठेवा. नुसतं नाव पुरत नाही, एकाच नावाचे पांढरे वेगवेगळ्या कंपन्यांकडे वेगवेगळे असतात. थोडा रंग लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवलात तर पुढे खिळ्याचं भोक बुजवता येईल. मॅट असेल तर ठिगळ बहुधा मिसळून जातं. चमकदार असेल तर फक्त भोकावर ब्रश लावू नका, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा रंगवा.